वायुवेग आणि विश्वनाथअप्पांचं घड्याळ

विश्वनाथअप्पांच्या गळ्यात दोन गोष्टी असत. शर्टाच्या आत इष्टलिंग आणि शर्टाच्या बाहेर स्टॉपवॉच. धाराशिवच्या आमच्या ऑफिसात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते चहा मोजत होते. चहावाल्या पोरानं ग्लास टेबलाला टेकवताच त्यांनी खटकन बटण दाबलं.

"चार मिनिटं अकरा सेकंद," ते खिन्न होऊन म्हणाले. "काल पोरगा बरा पळला हुता."

आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. त्यांतला मजकूर वाचून चुका काढायला अप्पा रोज ढोकीहून एसटीनं येत. एसटीही ते मोजत. पण त्यांची खरी हयात गेली ती शंकरपटात. तिथं बैलांची एकेक जोडी एकटीच पळते आणि निकाल घड्याळ देतं. ते घड्याळ अप्पांच्या अंगठ्याखाली असे.

आता माझी पापकथा. एका वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट आमच्याकडं होती. तिथं प्रत्येक स्थळाचं पान एकाच साच्यातून निघे: नाव इथं, शिक्षण इथं, मामाचं गाव इथं. हा साचा वाचून रिकाम्या जागा भरणारा जो प्रोग्रॅम, तो पार्सर. चार महिन्यांचे रविवार जाळून तो मी स्वतः लिहिला होता. नाव ठेवलं होतं वायुवेग. तो पळतो कसा हे बघायच्या आधीच ठेवलं होतं.

एक दिवस आमच्या मालकीणबाई मंजूताई म्हणाल्या, "सुधीर, पान उघडेपर्यंत मुलीचं दुसरीकडं ठरतंय! बाहेर एक तयार पार्सर फुकट मिळतो. दोघांची शर्यत लावू. हरेल तो आजच निघेल."

पंच अर्थातच अप्पा.

"अप्पा, कॉम्प्युटर स्वतःच वेळ सांगतो. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा," मी म्हणालो.

"पळणारा बैल आपला वेळ आपणच सांगतो व्हय, सुधीरराव?"

म्हणून नियम ठरला. एका दमात दहा हजार पानं भरायची, म्हणजे वेळ अंगठ्याच्या आवाक्यात येईल. अप्पांनी डब्याचा लाल नॅपकीन हातात घेतला. शेंगाचटणीचा वास सुटला. "म्या झेंडा टाकल्याबिगर कुणी हलायचं न्हाय!"

मी नम्रपणे हात जोडले. "पाहुण्याला पहिला मान."

माझे संस्कार पाहून मंजूताई भारावल्या. आतली गोष्ट फक्त मला ठाऊक होती. पहिल्या गड्याला दहा हजार स्थळांची माहिती डिस्कवरून उपसून आणावी लागते. ती मग मशीनच्या मेमरीत राहते आणि दुसऱ्याला आयती मिळते.

नॅपकीन पडला. पाहुणा: एक्केचाळीस सेकंद. पुन्हा पडला. वायुवेग: सदतीस! मी खुर्चीवर चढलो, मुजरा केला, आधीच आणून ठेवलेले पेढे वाटले. अप्पांनी पेढा सावकाश चघळला, बोटं पुसली.

"पेढा झकास. शर्यत रद्द."

"का?"

"पैली जोडी ढेकळं फोडत जाती. दुसरी मळल्या वाटंनं पळती. तुमच्या मशिनीच्या डब्यात काय हाय ते मला ठावं न्हाय. पण मान देताना तुमचं डोळं लई चमकलं."

मशीन बंद झालं, मेमरी पुसली गेली. अप्पांनी त्यावर पळून आलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तळवा ठेवला. "गार व्हऊ द्या." मग वायुवेग: अठ्ठावन्न सेकंद. पुन्हा मशीन बंद, पुन्हा तळवा. पाहुणा: चाळीस.

मी खुर्चीवरून उतरलो. म्हणजे उतरलेलाच होतो, पण अजून उतरलो.

अप्पांनी उरलेला पेढा उचलून मशीनवर ठेवला. "हरलेल्याला आधी खायला."

"अप्पा, मुंग्या होतील!" मंजूताई ओरडल्या.

"हुंद्या. चार म्हैने राबलाय त्यो." मग माझ्याकडं वळून हळूच, "बैल वाईट न्हाय, सुधीरराव. मालक घाईचा."

वायुवेग त्याच दुपारी निघाला. मुंग्या आठवडाभर राहिल्या.

गेल्या वर्षी अप्पा लातूरला लेकीकडं राहायला गेले. निरोपाचं भाषण अर्थात मी मागून घेतलं. शंकरपट सांगितला, नॅपकीन सांगितला, आवाज कापरा केला, डोळे टिपले. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतून खटकन आवाज आला.

"सात मिनिटं चार सेकंद," अप्पा म्हणाले. "त्यात म्या दीड मिनिट. बाकी सगळा वायुवेग."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि खिशातून लाल नॅपकीन काढला.

"भाषण रद्द. पाणी प्या, गार व्हा. आन् म्या झेंडा टाकल्याबिगर तोंड उघडायचं न्हाय."

मी पाणी प्यालो. नॅपकीन पडला. या वेळी दीडेक मिनिटातच माझा आवाज खरोखर कापरा झाला आणि पुढं बोलता येईना.

अप्पांनी बटण दाबलं, गळ्यातलं घड्याळ न बघताच शर्टाच्या खिशात टाकलं, आणि मला पेढा दिला.