अकरा अक्षरांचा पेनड्राइव्ह

आधीच कबूल करते… इथे कोणी असे गूढ अनुभव टाकले की खाली "पुरावा?" एवढीच कमेंट करणारी ती मीच. सो, हसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण वाचा तरी!

आम्ही कर्वेनगरला राहतो, मी आणि आई. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. ते घरूनच लग्नपत्रिका, स्मरणिका वगैरे टाइप करून द्यायचे. प्रूफ तपासायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून त्यांची स्वतःची पद्धत होती — मजकूर आधी माइकवर वाचून रेकॉर्ड करायचा, अगदी "स्वल्पविराम", "पूर्णविराम" सकट, आणि मग तो ऐकत ऐकत स्क्रीनवरचं तपासायचं. घरात दिवसभर बाबांच्या दोन कॉपी बोलत असायच्या.

आणि ते गेल्यावर त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच उरला नव्हता. त्यांचा फोन मीच रिसेट केला. बॅकअप न घेता. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे मी, थर्ड इयर… असो.

उरला होता फक्त त्यांचा जुना कॉम्प्युटर. तो सुरू केला की काळी स्क्रीन आणि एकच ओळ, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. त्यात आम्ही वाघोलीला शिफ्ट होणार होतो. आईने बजावलं होतं, "रविवारपर्यंत चालला तर चालला. सोमवारी भंगारवाला येणारे."

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. मी शाळेत असताना प्रोजेक्टची प्रिंट काढायला बाबा पेनड्राइव्ह द्यायचे, आणि दर वेळी त्याला नवीन नाव द्यायचे. पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये, मधली मोकळी जागा धरून फार तर अकरा अक्षरांचं बसतं. बाबा त्यात निरोप लिहायचे! पावसाळ्यात CHHATRI GHE. क्लासला उशीर होणार असला की LAVKAR YE. प्रिंटवाला काका मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मागे उभी असलेली मुलं हसायची. आठवीत एकदा मी घरी येऊन ओरडले, "बाबा, नॉर्मल नाव द्या ना!" ते "बरं" म्हणाले. त्यानंतर कधीच निरोप आला नाही.

तर रविवार. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा पेनड्राइव्ह आणला. सील मी स्वतः फोडलं, हे लक्षात ठेवा. माझा मित्र ओंकार फोनवर होता.

"नवीन विंडोज टाकू का सरळ?"

"वेडी आहेस का? सगळं पुसलं जाईल! लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनव. कॉम्प्युटर त्याच्यावरून सुरू होईल, आतल्या डिस्कला हातही लागणार नाही. मग फाइल्स उचल."

लॅपटॉपवर लिनक्सची फाइल उतरवली, बूटेबल पेनड्राइव्ह बनवला. नावाच्या जागी आपोआप आलेलं सिस्टीमचं नाव होतं, तेच ठेवलं. जुन्या कॉम्प्युटरला लावला, बूट मेनूत जाऊन निवडला… आणि सुरू झाला! मी नाचलेच. पण हार्ड डिस्क दिसेचना. केबल काढून लावली, रिस्टार्ट केलं, पुन्हा रिस्टार्ट, पुन्हा. डिस्क नुसती कुरकुरायची.

आतून आई दोन वाजल्यापासून हाका मारत होती. "गणपती बसवलाय का त्या टेबलावर? उठ की आता!"

"आई, पाच मिनिटं!"

"तासाभरापूर्वी पण पाचच होती."

साडेतीन झाले. मी रडकुंडीला आलेले. शेवटचं म्हणून फाइल्सची विंडो उघडली. डिस्क नव्हतीच. फक्त पेनड्राइव्ह. आणि त्याचं नाव —

JEVLIS KA

मी ते तीन-चार वेळा वाचलं. फोटो काढायचं सुचलंच नाही, घाला शिव्या. पण भीती नाही वाटली, खरंच. मी कॉम्प्युटर बंद केला आणि जाऊन ताटावर बसले. आईसुद्धा माझ्यासाठी थांबली होती, जेवलीच नव्हती. गार वरणभात खाल्ला आम्ही दोघींनी.

परत येऊन सुरू केला. डिस्क दिसली!

सगळी रेकॉर्डिंग्ज लॅपटॉपवर घेतली. शेवटची फाइल कॉपी झाली आणि डिस्क टक् टक् करत बंद पडली, ती कायमचीच.

पहिलीच फाइल लावली. "चिरंजीव… स्वल्पविराम नको इथे…" आई पोळ्यांचा डबा हातात घेऊन दारातच उभी राहिली. बाबा कुणाची तरी आख्खी पत्रिका वाचत होते. शेवटी लांबून माझा लहानपणीचा आवाज येतो, "बाबाऽ, जेवायला चला ना!" आणि ते म्हणतात, "आलो गं, एवढं सेव्ह करतो."

ओंकार म्हणतो, तापलेली डिस्क गार झाली की कधीकधी थोडा वेळ चालते. मी जेवायला उठले म्हणून रेकॉर्डिंग्ज वाचली. हे मला पटतं. पण नाव? लॅपटॉपला लावून पाहिलं तर तेच सिस्टीमचं नाव. ओंकार म्हणाला, "उपाशी होतीस, भास झाला असेल." असेलही.

आता वाघोलीत आहोत. काल मी मुद्दाम जेवले नाही. पेनड्राइव्ह लावला आणि तीन वाजेपर्यंत त्याच्या नावाकडे बघत बसले. काहीच बदललं नाही.

मग मीच राइट क्लिक करून रिनेम केलं. अकरा अक्षरांत बसवायला जरा वेळ लागला.

AALE JEVAYLA

मोजली तर बारा झाली. शेवटचं A काढलं. त्यांना कळेल.