शेवटी दोघंही मरतात

पुस्तकांबद्दलचं माझं मत कधी चुकत नाही. एकदाच चुकलं, आणि तेव्हा नेमके घरात पाहुणे बसले होते.

साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरच्या बाजूला मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम निघालं, आमच्या ह्यांना तिथल्या भांडारात नोकरी लागली आणि कराडहून आमचं बिऱ्हाड बोईसरला आलं. हे, सासूबाई, धाकटी नणंद शालू आणि मी. जानकीबाईंच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बोईसरात तेव्हा भात भरपूर, गवत भरपूर, डास तर विचारूच नका. पुस्तकं मात्र औषधालाही नाहीत! म्हणून दर शनिवारी मी गाडीने पालघरच्या वाचनालयात जायची. बरोबर शालू. (शालूला छापील अक्षराचं वावडं होतं, तरी ती गजरा माळून यायची. माझ्यासारख्या चिकित्सक बाईला यात काहीही वावगं दिसलं नाही!)

आणलेल्या प्रत्येक पुस्तकाला मी खाकी कागदाचं कव्हर घालत असे. त्यावर पुस्तकाचं नाव लिहिण्यात काय अर्थ? नाव आत असतंच की! मी वर ठसठशीत अक्षरात माझं मत लिहायची. एका प्रवासवर्णनावर लिहिलं, 'लेखक अंगणाबाहेर गेलेला दिसत नाही.' पाककृतींच्या पुस्तकावर, 'बाईंच्या घरी नक्की आचारी आहे.' एका थोर गृहस्थांच्या आत्मचरित्रावर, 'हे यांच्या बायकोने लिहायला हवं होतं.' आणि एका रहस्यकथेवर, पुढच्या वाचकाला ताटकळावं लागू नये म्हणून, 'खून दिवाणजीने केला.'

या समाजसेवेबद्दल ग्रंथपालांनी माझे आभार मानायला हवे होते. त्यांनी हातच जोडले!

"वहिनी, त्या रहस्यकथेला आता कुणी शिवत नाही हो! यापुढे कव्हर काढून ठेवत जा घरी, आणि मग पुस्तक आणा."

झालं! माझ्या मतांचा गठ्ठा घरातच साचू लागला. आता आमच्या सासूबाई म्हणजे नारळाची शेंडीसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या. त्यांनी त्या कागदांवर डबे मांडले, पापड वाळवले. वर काय लिहिलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे आणि चष्म्याने नाक दुखतं म्हणून तो फडताळात असे.

अशात शालूला स्थळ सांगून आलं. मुलगा मधुकर, पालघरच्या शाळेत मास्तर. मी त्याला वाचनालयात पाहिलं होतं. माझं मत? मलपृष्ठासारखा गप्प. पण शालू मात्र नाव ऐकूनच अशी लाजली की मला जरा संशय आला.

अडचण एकच होती, मुलाचे वडील. तात्यांचा शकुनावर भारी विश्वास. पंचांग पाहिल्याशिवाय ते केस कापायलाही बसत नसत. आधीची एक चांगली मुलगी त्यांनी मांजर आडवं गेलं म्हणून नाकारली होती! म्हणून आम्ही सकाळपासून जानकीबाईंची मांजर टोपलीखाली कोंडून ठेवली होती.

बापलेक आले. पोहे झाले, चहा झाला. कुणी शिंकलं नाही, पाल चुकचुकली नाही. तात्या मिशीला लागलेलं खोबरं पुसत म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. घाईत पंचांग घरी राहिलं. तुमच्याकडे असेल तर आणा, तिथी आत्ताच काढू."

"आमच्या घरात पुस्तकाला काय तोटा!" मी ऐटीत म्हटलं आणि देवघरातलं पंचांग न बघताच त्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी चष्मा लावला, पंचांग कपाळाला लावलं आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"शेवटी दोघंही मरतात."

तात्या पुढे वाचू लागले, "मधे नुसती रडारड. लोक उगाच वाहवा करतात. ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर हात घालावा."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या, "पंचांगाची पानं सुटत होती, म्हणून मीच तो सूनबाईचा कागद घातला. चांगला जाड होता!"

"तात्या, ते कादंबरीबद्दल आहे!" मी ओरडले. "नावाडी आणि त्याची बायको खाडीत बुडतात, त्याचं!"

"असेल! पण ते नेमकं पंचांगावर आलं ना? तेही आजच? मधुकर, ऊठ!"

पडद्याआड उभ्या शालूने हातातली कपबशी खाली आदळली. मला फार वाईट वाटलं. हे माझ्या कानाशी पुटपुटले, "लिही! अजून लिही मतं!"

तोच मधुकरने तोंड उघडलं. "तात्या, पण ते दोघं वाचतात!"

"मेल्यावर?" तात्या थबकले. "मेल्यावर काय वाचतात?"

"आमच्या सूनबाईचं सांगता येत नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "ती वाचेल!"

दारात उभ्या जानकीबाईंना राहवेना. "अवो तात्या, वाचतात म्हंजी जगतात! माझा भाव नाय का, खाडीत होडी उलटली, तरी वाचला. एक अक्षर येत नाय त्याला, तरी वाचला!"

"कादंबरीला दुसरा भाग आहे, तात्या," मधुकर म्हणाला. "दोघं पलीकडच्या काठाला लागतात. सुखाने संसार करतात. चार मुलं होतात."

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलगे किती?"

"तीन."

तात्या खाली बसले. "मग तसं आधी लिहायचं!" म्हणत त्यांनी पंचांग उघडलं.

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. मधुकरने अगदी नम्रपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही दुसरा भाग वाचला नाहीत?"

दुसरा भाग आहे हेच मला ठाऊक नव्हतं! पण इतक्या माणसांसमोर मान खाली घालणारी मी नव्हे. मी म्हटलं, "वाचला. पटला नाही."

"मला पटला!" पडद्याआडून शालूचा आवाज आला.

शालूने कादंबरी वाचली? कधी? आणि तिला दिली कुणी? (उत्तर समोरच बसून कान लाल करून घेत होतं!)

लग्न थाटात झालं. मांडवात सासूबाईंनी मला पेन्सिलीला हात लावू दिला नाही. मधुकरने मात्र मला आहेरात एक पुस्तक दिलं, खाकी कव्हर घातलेलं. वर सुरेख मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटी दोघंही वाचतात. वहिनींनीही वाचावे.'

मी वाचलं. अगदी भिकार पुस्तक आहे. पण हे मत मी आजवर कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.