एकतीस घरं, बारा चुली

१४ मे १९७१. जवळ एकशे अठरा रुपये होते. त्यातले नव्वद माझ्या पगारातून साठवलेले, आणि अठ्ठावीस आईने कोंबड्या विकून दिलेले. आमच्या वाडीची पायवाट कोयनानगरच्या डांबरी रस्त्याला मिळते तिथे आम्ही सहा जण उभे होतो. मी, बायको शालन आणि चार वर्षांची मुलगी, हे जाणारे. आई, धाकटा भाऊ नामदेव आणि शेजारची सखूआत्या, हे राहणारे. तीन आणि तीन.

एस.टी.ला पाऊण तास अवकाश होता. सांगायचं ते सगळं घरीच सांगून झालं होतं, म्हणून सगळे नुसते वर बघत होते. समोरच्या पठारावरून मोठ्या तारांचे मनोरे गेले आहेत. वारा पडला की त्या तारांचा गूं आवाज खाली रस्त्यापर्यंत येतो.

"ह्या तारा कुठं जात्यात रं?" आईने विचारलं.

मी म्हणालो, "लांब. धरणाची बरीच वीज शेवटी मुंबईला पोचते."

"आदी लाईट गेली. आता तू निघालास," आई म्हणाली.

सखूआत्याने पदराने तोंड पुसलं. "वरात रोज आपल्या डोक्यावरनं जाती, आन आपल्याला आवतण न्हाई."

नामदेव तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "मी उतरवतो की खाली. दादा, तू बिनघोर जा."

त्याचं हे बोलणं मी त्या दिवशी थट्टेवारी नेलं. तो थट्टा करत नव्हता.

वाडीतल्या आणि वाडीबाहेरच्या आपल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. एक गोष्ट अर्धीच ठाऊक आहे, आणि ती माझ्याबद्दलची आहे.

धरणाच्या कामावर मी आठ वर्षं हजेरी कारकून होतो. सकाळी सातला टेबल मांडायचं, माणूस समोर उभा राहिला की नावापुढे खूण करायची. आमच्या विभागाचं काम संपलं तशी माझी नोकरीही संपली. चार महिने पाटण, कराड, मलकापूर असं फिरलो. दुकानं, वखारी, एक छापखाना. माझं अक्षर सगळ्यांना आवडलं, जागा कुणाकडेच नव्हती. मुंबईला एका वीज कंपनीत मीटर वाचायचं काम एका ओळखीने मिळालं. धरणावर महिना एकशे चाळीस मिळायचे, इथे दोनशे नव्वद. माणूस तोच, अक्षर तेच, बेरीजही तीच. फक्त गाव बदललं तर दुप्पट. असं का, हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्यातले पंचावन्न खोलीला, चाळीस आईला, बाकीच्यात घर. हातात शेवटी धरणावर उरायचं तेवढंच उरे, पण उरेल याची खात्री होती. तिकडे ती नव्हती.

माझ्या वाटणीला आलेल्या रस्त्यावर साड्यांचं एक दुकान होतं. त्याच्या काचेच्या खिडकीला वेगळं मीटर होतं. आत चार पुतळ्या साड्या नेसून उभ्या, आणि दुकान बंद झालं तरी दिवे चालू. पहिल्या महिन्याचं रीडिंग मला अजून आठवतं. तीनशे बारा युनिट. मी जिन्यात उभा राहून वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. आमच्या वाडीत एकतीस घरं. घराला चाळीसचा एक दिवा, रोज चार तास. महिन्याला एका घराचे पाच युनिटसुद्धा होत नाहीत. सगळ्या वाडीचे मिळून दीडशेच्या आत. म्हणजे त्या चार पुतळ्यांच्या उजेडात आमच्यासारख्या दोन वाड्या निघाल्या असत्या, आणि तरी थोडी वीज उरली असती. ते पान मी फाडून टाकलं. दुसऱ्या महिन्यात तीनशे अठरा झाले.

इकडे नामदेव कामाला लागला होता. त्याला पिठाची गिरणी टाकायची होती. आमच्या बायका नाचणी जात्यावर दळत, नाहीतर डोक्यावर घेऊन दीड कोस चालत खालच्या गावच्या गिरणीत नेत. गिरणी वाडीत आली तर बायकांचे पाय वाचणार होते आणि नामाला गाव सोडावं लागणार नव्हतं. त्याने कधी मोठं बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या पत्रांत दर वेळी एक वाक्य असे: "मी गेलो तर आईपाशी कोण?" मुंबईला पाठवायला आमच्या घरात आता तो एकटाच उरला होता. मोटर हप्त्याने मिळणार होती. वीज ऑफिसात त्याने गिरणीच्या जोडणीसाठी दीडशे रुपये अनामतही भरून ठेवली. अडलं होतं ते खांबांवर. वाडीपर्यंत खांब आणायला निदान पंचवीस वापरातली घरं हवीत, असा नियम त्याला सांगण्यात आला.

वाडीत एकतीस घरं होती. त्यातली एकोणीस बंद होती, कारण त्यांची माणसं मुंबईत होती. कामधंदा नाही म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून वीज नाही. वीज नाही म्हणून कामधंदा नाही. ही बेरीज कुठूनही सुरू केली तरी तिथेच येते.

सुट्टीच्या दिवशी मी त्या एकोणीस जणांचे अर्ज गोळा करत फिरलो. कुणी गोदीत ओझी वाहणारा, कुणी कापडगिरणीत बदलीवर, कुणी पहारेकरी. सगळ्यांनी सही नाहीतर अंगठा दिला. गौरी-गणपतीला गावी गेलं की पोरांना पंखा लावून देणार, असं एक जण म्हणाला. बाजारात पोती उचलणाऱ्या पांडूकाकांना मी म्हणालो, "काका, अर्ज देतोय खरा, पण घर बंद आहे तुमचं."

ते माझ्यावर उखडले. "बंद हाय म्हून काय घर न्हाई व्हय रं? किल्ली तुझ्या आईपाशीच लटकतीया न्हवं?"

किल्ल्या खरोखरच आमच्या घरी होत्या. एका खुंटीला एकोणीस. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने घर बंद राहिलं तर भिंतींना ओल चढते, वाशांना वाळवी लागते. म्हणून मागे राहिलेल्या बायका पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बंद घरं उघडून चुलीत जाळ करतात. त्याला आम्ही धूर देणं म्हणतो. ज्याचं घर तो मुंबईत, आणि त्याची चूल पेटवणारी भलतीच, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये वीज ऑफिसचे साहेब घरं बघायला येणार असं नामाचं पत्र आलं. मी तीन दिवसांची रजा काढून गेलो. सकाळी मी आणि नामा साहेबांना घ्यायला खाली रस्त्यावर गेलो. पन्नाशीचे, सांगलीकडचे, दमेकरी गृहस्थ होते. नामाने त्यांची पिशवी घेतली. शेवटच्या वळणावर आलो आणि मी थबकलो. एकतीसच्या एकतीस छपरांतून धूर निघत होता. सदुसष्टच्या भूकंपानंतर लोक भराभर वाडी सोडून गेले, तेव्हापासून असं दृश्य मी पाहिलं नव्हतं. मी नामाकडे पाहिलं. तो पुढे बघून चालत होता.

आई, सखूआत्या आणि आणखी दोघी पहाटेपासून किल्ल्या घेऊन घराघरांत फिरत होत्या. पावसात लावतो तो जाळ आज लावला, यात खोटं काय, असा त्यांचा विचार. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं ते उघड आहे.

साहेब घरं बघत निघाले. चौथ्या घरात ते जरा जास्त वेळ थांबले. चूल छान पेटली होती आणि जात्यावर कोंबडी बसली होती. आणखी सात-आठ घरं पाहून ते डोळे पुसत बाहेर आले आणि आईला म्हणाले, "आजी, चुली झकास पेटल्यात. पण भरलेली घागर काय कुठं दिसंना."

आई म्हणाली, "आवं सायब, पाणी भराय घरात माणूस लागतंय. जाळ काय, एक म्हातारी धा घरात लावती."

साहेब हसले. आम्हीही हसलो. मग आमच्या ओट्यावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली, बिनदुधाचा चहा घेतला आणि कागद काढला. मला जवळ बोलावलं.

"तुम्ही धरणावर हजेरी मांडत होता म्हणं?"

"होय."

"मग ऐका. मी परमुलखातला, मला इथलं काय कळतंय? वाडीच्या वतीनं एकाची सही लागते. तुम्ही आकडा लिहून सही करा, मी खाली माझी करतो. एवढा डोंगर चढून परत मोजायला कोण येत नाही."

पेन माझ्या हातात होतं. नामा ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. आई दारात होती. आठ वर्षांत समोर उभ्या नसलेल्या माणसाची हजेरी मी एकदाही लावली नव्हती. मुकादमांनी शिव्या दिल्या, एकाने तर गुळाची ढेप घरी पाठवली, ती मी परत केली. त्या वेळी माझ्या मनात हेच होतं, दुसरं काही नाही. वापरातली घरं, या शब्दांपुढे मी १२ लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "चूक म्हणता येत नाही तुम्हाला," असं म्हणाले आणि कागद घडी करून ठेवला. नामाने त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना खाली सोडायला गेला.

परत आल्यावर तो मला एवढंच बोलला, "दादा, मुंबईत तू मीटर वाचतोस तवा इचारतोस का रं, आत माणूस हाय का म्हून?"

सखूआत्या म्हणाली, "दत्तूचं गणित ल्हानपणापास्नं लय चांगलं. आमी सकाळधरनं एवढा धूर खाल्ला, तेवढा कुठं धरला न्हाईस बाबा."

आईने कळशी भरून घेतली. एकोणीस बंद घरांत जाळ तसाच सोडून चालणार नव्हता, कुठे ठिणगी उडाली असती तर सगळी वाडी गेली असती. म्हणून ती आणि मी घरोघर जाऊन चुली विझवत फिरलो. ती पाणी शिंपडायची, मी निखारे पसरायचो. प्रत्येक दाराला कुलूप लावताना ती ज्याचं घर त्याचं नाव घ्यायची. पांडूचं. तुकारामाचं. रामूच्या आईचं. दुपार कलली तेव्हा एकोणीस पुरी झाली.

नंतर मी हा हिशेब पुष्कळ वेळा मांडला आहे. पंचवीस लिहिले असते तरी वरच्या कुणी फेटाळलं असतं. खांब आले असते तरी बारा घरांच्या दळणावर मोटरचा हप्ता निघाला नसता. हे तर मी आकड्यांनी सिद्ध करून दाखवीन. गिरणी दोन वर्षांत बंद पडली असती. सगळं खरं आहे. पण ती बंद पडायची तर नामाच्या हातून पडली असती, माझ्या सहीने नाही.

शिमगा झाल्यावर नामा मुंबईला आला. पांडूकाकांनी त्याला आपल्या टोळीत घेतलं. पोती उचलून पहिल्याच वर्षी त्याचा खांदा खाली आला. पुढच्या वर्षी गिरणीची अनामत परत मिळाली. पावतीवर त्याच्या नावापुढे "पिठाची गिरणी" असं छापील अक्षरात होतं. ते दीडशे रुपये मी त्याच्या झोपण्याच्या जागेची अनामत म्हणून खोलीवाल्याला दिले. चौदा जणांच्या खोलीत भिंतीकडेची जागा. नामाने ती गिरणीची पावती खिशात ठेवली, गिरणीचा विषय काढला नाही. अजूनही काढत नाही. रविवारी जेवायला येतो, मुलीसाठी केळी आणतो, हसतो, बोलतो. "दादा" म्हणतो तेही पूर्वीसारखंच. त्यामुळेच मला काही बोलता येत नाही.

१९७७ साली आई ओट्यावरून पडली आणि आम्ही तिलाही आणलं. आईकडच्या एकोणीस किल्ल्या सखूआत्याच्या खुंटीला गेल्या, आमच्या घराची विसावी. इथे आल्यापासून आई खोलीतला दिवा सारखी बंद करते. शालन भाजी चिरत असली तरी बंद करते. पहिल्यांदा मला वाटलं बिलाच्या धास्तीने. विचारलं तर म्हणाली, "हितं एवढी जाळल्यावर तिकडं कवा पुरायची रं?" वीज तशी नसते, हे मी तिला समजावून सांगितलं नाही. ती तशी नसते असं मलाही आता खात्रीने म्हणवत नाही.

आज १९७९ साल चालू आहे. वाडीत नऊ चुली पेटतात. तारा अजून वरूनच जातात. घर कशाला म्हणायचं, याचा निकाल मी एकदा सही करून दिला होता. त्या सहीप्रमाणे आमचं घर आता धरता येत नाही, आणि या खोलीत मी आठ वर्षं राहतो तरी तिला घर म्हणायला जीभ रेटत नाही. बंद आहे म्हणून काय घर नाही, हे पांडूकाकांनी मला विचारलं होतं, ते आता मी स्वतःला विचारतो.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या घराला धूर देण्यासाठी मी सखूआत्याला पंधरा रुपयांची मनीऑर्डर केली. गौरीला नामा गावी गेला होता, त्याच्याबरोबर तिने तेरा रुपये परत पाठवले. निरोप असा: "लाकडं रानातली हायती, पाय माझं हायती. काड्यापेट्यांचं तेवढं घेतलं. दर आठवड्याला जाळ केलाय. दत्तूला म्हणावं, मोजशील तवा ही बी चूल धर."

मी हिशेबाच्या वहीत लिहिलं: दोन रुपये. सखूआत्याला. काड्यापेट्यांचे.