चोरओटीचा नारळ

दर मे महिन्यात, कॅनडातल्या एडमंटनच्या विधानसभेच्या पायऱ्यांसमोर, गर्भपाताविरोधी मोर्चात पद्मजाकाकू उभ्या असत. साडीवर जाडजूड जॅकेट, पायात स्नो बूट आणि हातात ‘पोटातल्या बाळालाही जगू द्या’ असं सांगणारा इंग्रजी फलक. मराठी मंडळातले लोक पाठीमागे हसत. नवऱ्याला, शशिकांतना, त्यांचं म्हणणं पटत नसे, पण चहाचा थर्मास भरून सोडायला तेच जात. “सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल, तू आधी चहा पी,” म्हणत.

२००९ साली त्यांच्या बेसमेंटमध्ये नागपूरची रुचा भाड्याने राहत होती, युनिव्हर्सिटीत शिकत होती. एप्रिलमध्ये एकदा ती काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. दिवस गेले होते, तिचा बॉयफ्रेंड फोन उचलत नव्हता आणि काय करावं ते ठरत नव्हतं. हे शेवटचं काकूंच्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्या खाली गेल्या आणि सुरुवातीच्या महिन्यांत गुपचूप भरतात ती चोरओटी भरून मोकळ्या झाल्या. तांदूळ, ब्लाउजपीस, नारळ, सगळं साग्रसंगीत.

“काकू, मी अजून डिसाइड नाही केलंय,” रुचा म्हणाली. “धिस इज नॉट फेअर.” ओटी तिने तशीच वर आणून ठेवली आणि बोलणं टाकलं. काकूंना फार लागलं. नारळ त्यांनी देवापुढे ठेवला, पण राग स्वतःचाच येत होता.

त्या वर्षी पायऱ्यांवर पहिल्यांदाच काकूंचं भाषण होतं. त्या दिवशी सकाळी त्या बूट चढवत होत्या, तेवढ्यात रुचा वर आली.

“आज क्लिनिकची अपॉइंटमेंट आहे. सोबत कुणीतरी लागतं. मला दुसरं कुणी नाहीये, काकू.”

काकू बूट चढवता चढवता थांबल्या. “मला हे मान्य नाही गं. पण एकटी नाही जायचीस तू.”

फलक दाराआड राहिला. क्लिनिकच्या पार्किंगमध्ये रुचा गाडीतून उतरेचना. काकू तिचा हात धरून बसल्या. इतकं गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“तुम्ही काहीच का बोलत नाही?”

“बोलायचं ते सरकारशी. इथे तू आहेस.”

रुचाने सीटबेल्ट परत लावला. म्हणाली, “घरी चला.” आणि वाटेत, हळूच, “तो नारळ आहे अजून?”

त्या नारळाची शशिकांतनी कालच डोशाबरोबर चटणी केली होती.

“आहे ना,” काकू डोळे पुसत म्हणाल्या आणि त्यांनी गाडी इंडियन ग्रोसरीकडे वळवली.