कॅम्डनच्या कवट्यांचं वाण

मंगलमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच वतीने कौन्सिलला पत्र लिहीत होते. लंडनच्या एजवेअरमधल्या त्यांच्या घरासमोरच्या बस स्टॉपवरचं बाकडं दुरुस्तीला म्हणून नेलं, ते परत आलंच नव्हतं. मी डोळे पुसले आणि पत्र पुरं केलं. अर्धवट सोडलेलं मावशींना खपलं नसतं… आता पाच आठवडे झाले. बाकडं अजून आलेलं नाही.

मावशी नात्यातल्या नव्हत्या, शेजारच्या. त्यांचे यजमान, आमचे काका, गेले त्यानंतरच्या संक्रांतीला त्यांना कोणीही हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मीही नाही. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्यांना आवडायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर सासूबाईही विधवाच. बायका आल्या तेव्हा त्या आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. मला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मावशी दारात हजर. "बोलावत नाहीत ना? मग मीच बोलावते. चल, वाण आणू."

मला वाटलं, प्लास्टिकचे डबे घेऊ. त्यांनी मला नॉर्दर्न लाइनच्या भुयारी रेल्वेने थेट कॅम्डनच्या बाजारात नेलं. पंक संगीतवाल्यांच्या या जुन्या अड्ड्यावर तरुणपणी त्या काकांबरोबर यायच्या. "यांना लेदर जॅकेट घ्यायचं होतं," मावशी म्हणाल्या, "घेतली छत्री." मग डोक्यावर हिरवा तुरा आणि नाकात साखळी असलेल्या एका स्टॉलवाल्याकडे त्यांनी कवटीची एकवीस कीचेन मागितली. "व्हॉट्स द ऑकेजन, लव्ह?" त्याने विचारलं. "रिलिजस फंक्शन," मावशी म्हणाल्या. तो एकदम गंभीर झाला आणि एकेक कवटी पुसून देऊ लागला.

रविवारी चारला बोलावलं होतं. पाच वाजले तरी कोणी नाही. फक्त मी, आणि चहाला म्हणून आणलेल्या सासूबाई. मावशी तिळगुळाच्या ताटावरचा रुमाल सारखा नीट करत होत्या. "माझ्या हातचं कुंकू नकोच असेल तर…" एवढंच म्हणाल्या आणि ताट उचलू लागल्या.

सासूबाईंनी चष्मा काढला. कपाळ पुढे केलं. "लावा."

मावशींनी घाईने बोट टेकवलं, थोडं कुंकू नाकावर सांडलं. मग त्यांनी वाण दिलं.

"अहो, हिला दात आहेत की!"

"आपल्यापेक्षा जास्तच आहेत, कमलताई."

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सासूबाईंनी माझा फोन घेतला आणि एकेकीला दम भरला, "मी कुंकू लावून बसलेय. तुम्ही कधी येताय?" सहापर्यंत हॉलमध्ये बसायला जागा नव्हती.

काल सांगलीला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "या संक्रांतीला मी इथे करतेय. गल्लीतल्या सगळ्या बोलावल्यात, नवरा असलेल्या आणि नसलेल्या. एकवीस कवट्या पाठव. माझी कपाटाच्या किल्लीला आहे, ती मी कोणाला देणार नाही."