गिरणीवाल्याच्या बोटावरची शाई

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याचा खरा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. भुवयांपासून कानाच्या पाळीपर्यंत पीठच पीठ. पट्ट्याच्या खडखडाटात बोलून अशी सवय झालेली, की गिरणी बंद असली तरी तो ओरडूनच बोलायचा. त्या टंचाईच्या दिवसांत रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. माझा डबा उघडला की तो मूठभर दाणे तळहातावर घ्यायचा आणि ओरडायचा, "वैनी, तिकडं नवा अध्यक्ष निवडत्यात. आपला गडी पडला तर ह्येबी बंद हुईल बगा." आपला गडी कोणता, हे तो रेडिओवर काय ऐकून ठरवायचा देव जाणे.

तिकडच्या मतदानादिवशी गिरणी बंद होती. तो पायरीवर बसला होता, तोंड स्वच्छ धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून. डाव्या तर्जनीवर दौतीतली शाई लावलेली. मी डबा कमरेवर घेऊन बघतच राहिले.

"मत दिलं," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू बोलला.

पुढं आपली निवडणूक आली. मत देऊन परतताना मी सकाळी ठेवलेला डबा घ्यायला गिरणीत शिरले. त्यानं डबा पुढं केला. बोटावर शाई नव्हती, नुसतं पीठ.

"तुम्ही गेला नाही?"

"आमचं पोट ज्येच्या हातात, त्येला मत," तो ओरडला. "इथं कुणाच्या हातात हाय, सांगा की."

डबा अजून गरम होता. उगाच झाकण उचलून पाहिलं. पीठ तांबडंच होतं.