कोणता कोपरा?

हे गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी अंडं-पाव केला होता. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारात हा पदार्थ मी त्याआधी कधी केला नव्हता. तो त्यांनी करायचा आणि मी उंबऱ्यावर बसून खायचा, असाच आमच्या घरचा रिवाज. डॉक्टरांनी पेजेवर ठेवलेलं, दोन दिवस पेजही जात नव्हती, आणि त्या सकाळी अचानक त्यांनी विचारलं, "आज शुक्रवार हाय का?" शुक्रवार म्हटला की आमच्याकडं अंडं-पाव. म्हणून केला, आणि तामचिनीच्या पांढऱ्या ताटलीत घालून पलंगापाशी नेला. त्यांनी खाल्ला नाही. उशीवरून मान जराशी उचलून ताटलीकडं पाहिलं आणि बोटानं पावाचा दाराकडचा कोपरा दाखवला. तो कोपरा तव्यावर जरा जास्त बसला होता. मला वाटलं, करपला म्हणून दाखवताहेत, जाता जाताही माझी चूक काढताहेत. मी तेवढा तुकडा सुरीनं कापला आणि खिडकीतून कावळ्याला टाकला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले... दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

याला आता दीड महिना झाला. आजोबांवर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी काहीतरी लिही, असा नातीचा आग्रह आहे. माणूस गेला की तो किती मायाळू होता हे सगळेच लिहितात, आणि हे मायाळू होतेच. पण मी त्यांची बायको आहे. मला त्यांच्याबद्दल जन्मभर वाटला तो संशय, आणि लिहायचं तर तोच लिहायला हवा.

आमचं लग्न झालं तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझं माहेर नांदूरघाट. वडील मास्तर, गळ्यात माळ, घरात कांदासुद्धा जपून शिजायचा. मुलगा बीडला मोठ्या साहेबाच्या कचेरीत कारकून आहे, असं सांगत स्थळ आलं आणि वडील हरखले. मी मात्र तेव्हापासूनच सावध होते. सासरी निघताना आमची आत्या माझ्या कानात म्हणाली होती, "नवऱ्यानं आपल्या हातानं कायबी खायला दिलं तर जपून गं. पोरीला मुठीत ठेवायला लोक काय काय घालतात." मी सोळा वर्षांची होते, आत्याचं बोलणं पदरात बांधूनच बीडला आले.

आणि पहिल्याच शुक्रवारी या माणसानं अंगणात तीन दगड मांडून, तवा चढवून स्वयंपाक केला! घरात अंडं नको म्हणून बाहेर चूल, एवढा माझ्या माहेरचा मान त्यांनी ठेवला होता. अंडी आधी पाण्यात सोडली. आडवी बसली ती घेतली, एक उभं राहिलं ते शिळं म्हणून बाजूला काढलं. प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडून नाकाशी नेलं आणि मगच एकत्र केलं. बारीक कांदा, हिरवी मिरची, मीठ. डबलरोटीचे जाड काप निखाऱ्यावर एकाच बाजूनं भाजले, कच्च्या बाजूवर फेटलेलं अंडं ओतलं आणि लोणी टाकून तो काप तव्यावर असा उलटा केला की एक थेंब सांडला नाही. कचेरीतल्या कारकुनाला हे कुठून येतं? मी उंबऱ्यावर बसून सगळं पाहत होते. ताटली माझ्यापुढं आली तेव्हा मी विचारलं, "काय घातलंय ह्याच्यात?"

त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाले, "कोन्ता कोपरा?"

"म्हंजी?"

"दाखव कोन्ताबी."

मी गोंधळून एक कोपरा दाखवला. त्यांनी तो तोडला, माझ्यासमोर उभं राहून खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आता खा." नव्या नवरीच्या ताटातला पहिला घास नवऱ्यानं उष्टावायचा, हा कुठला प्रकार? मी खाल्लं, कारण वासानं राहवत नव्हतं. असं खरपूस, मऊ, लोण्यात मुरलेलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. पण संशय काही गिळला नाही.

त्यानंतर मी त्यांच्यावर नजर ठेवली. हे काम मला चांगलं जमतं. कारकुनाच्या बोटांना शाई लागते. माझ्या वडिलांच्या सदऱ्यावर शाईचे डाग कायमचे असत. यांची बोटं स्वच्छ, उलट मनगटावर भाजल्याचे ठिपके. कचेरी दहाला उघडते हे अख्ख्या बीडला ठाऊक, हे उजाडताच घर सोडायचे. सदरा धुवायला घेतला की कांद्याचा आणि लोण्याचा वास. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी. कचेरीला कुलूप, तरी हा माणूस सकाळी बाहेर, आणि दुपारी घरी येऊन अंडं-पाव करणार. माझा हिशेब पक्का झाला. बीडमध्ये कुणीतरी बाई आहे. तिच्याकडं हे शिकले, तिच्याकडंच सकाळ काढतात, आणि पाप धुवायला दुपारी मला खाऊ घालतात.

दोन वर्षं मी हे पोटात ठेवलं. तिसऱ्या वर्षी एका शुक्रवारी धुण्याची बादली काखेला लावून, बिंदुसरा नदीवर निघाल्याचं दाखवत मी त्यांच्या मागं गेले. ते साहेबाच्या बंगल्याच्या मागच्या दारानं आत शिरले. कुंपणाच्या फटीतून मला बावर्चीखाना दिसला. आमचे हे कमरेला फडकं बांधून, एक एक अंडं वेगळ्या वाटीत फोडून नाकाशी नेत होते. बाई नव्हती. कारकून नव्हता. माझा नवरा मोठ्या साहेबाच्या घरचा बावर्ची होता.

मला आधी हसू आलं, मग इतका राग आला की काखेतली बादली आपटावीशी वाटली. माझ्या बापाला फसवलं! माळकरी माणसाची लेक, आणि जावई परक्याच्या घरी अंडी-मटण रांधणारा. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी मला घरी नेलं असतं आणि परत पाठवलं नसतं. हे सगळं मला समोर दिसलं... आणि मला परत जायचं नव्हतं. हे मला त्या कुंपणापाशीच कळलं, त्याआधी कळलं नव्हतं. मी नदीवर गेले, धुणं धुतलं, घरी आले आणि एक शब्द बोलले नाही.

पण संशयी माणसाची एक खोड असते. एक गाठ सुटली की तो दुसरी शोधतो. मला कोपरा उरला होता. दर शुक्रवारी तेच, "कोन्ता कोपरा?" दर शुक्रवारी मी दाखवायची आणि ते उभं राहून खायचे. इथं एक कबुली देते. मी त्यांना कायम फिक्कट, मऊ कोपरा दाखवायची आणि सगळ्यात खरपूस, तव्याला चिकटून कडक झालेला कोपरा शेवटच्या घासाला स्वतःकडं ठेवायची. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा न राहवून मी विचारलं, "कावून इचारता दर टायमाला?" तर म्हणाले, "सवय हाय."

सवय? कुणासोबतची? ही सवय माणसाला एकट्यानं लागत नाही. कुणीतरी कोपरा दाखवणारं असावं लागतं. बाईचा संशय मी कुंपणापाशी गाडला होता, तो पुन्हा उठून बसला. त्या महिन्यात मी आईला बरं नाही असं सांगून नांदूरघाटला निघून गेले, आणि महिना झाला तरी परतले नाही. परतायचं की नाही हेही ठरवलं नव्हतं.

ते घ्यायला आले. फडक्यात गुंडाळलेली डबलरोटी, तवा-ताटली आणि डब्यात भुशात ठेवलेली चार अंडी घेऊन आले. वडील म्हणाले, "जावईबापू, हे आमच्या दारात न्हाई." गावाबाहेर ओढ्याच्या काठी जाऊन त्यांनी दगड मांडले, आणि तासाभरानं ताटली झाकून घेऊन आले, पण अंगणाच्या कडेलाच थांबले. मी ओट्यावर होते, वडील बाजूला पोथी घेऊन. त्यांनी वडिलांच्या देखत विचारलं, "कोन्ता कोपरा?" वडिलांनी पोथीतून मान वर केली. मी दाखवला, त्यांनी उभं राहून खाल्ला. वडील बराच वेळ त्यांच्या मनगटावरचे ठिपके बघत होते. मग सावकाश म्हणाले, "कचेरीत तुमच्याकडं नेमकं काय काम असतं, बापू?"

यांचा चेहरा पांढरा पडला. मला तो आजही दिसतो. आणि मी, जिला तीन वर्षं या माणसाचं एकही बोलणं खरं वाटलं नव्हतं, मी म्हणाले, "दप्तराचं काम हाय की, दादा. लई काम असतं. बंब पेटवून लाखेच्या मोहरा लावाव्या लागतात, त्यानं हात भाजतात." बंबाचा आणि मोहरांचा काय संबंध, देव जाणे. वडिलांनी मान हलवून पोथी पुढं चालू केली. यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता यांना कळलं की मला माहीत आहे. पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बीडला परतलो, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, "कोन्ता कोपरा?"

पुढं राज्य बदललं, साहेब निघून गेला, आणि गंमत म्हणजे यांना कचेरीतच खरोखरची शिपायाची नोकरी लागली. शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली, पण आमचा अंडं-पाव शुक्रवारीच राहिला. फक्त आता तो संध्याकाळी व्हायचा. मुलं झाली, त्यांनाही ते करून घालायचे. पण मुलांना त्यांनी कोपरा कधी विचारला नाही. फक्त मला. हेही मी नोंदवून ठेवलं होतं, आणि यातही मला काहीतरी काळंबेरं दिसत होतं.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत दारात आले. नाव करीमभाई. साहेबाच्या बंगल्यावर पट्टेवाले होते. बाजारात उशिरा बातमी कळली, पुरसा द्यायला, म्हणजे दुखवट्याला आलो, म्हणाले. आधी कधी आला नाहीत, असं मी विचारलं. माझ्या आवाजात संशय होताच.

"तुमच्या मालकाची, सोपानभाईची ताकीद व्हती, भाबी. घरी यायचं न्हाई. तुमाला म्हायती न्हवतं न्हवं, त्ये बावर्ची व्हते म्हून."

"मला तिसऱ्या वर्षापासून म्हायती हाय."

ते बघतच राहिले. "मंग बोलल्या कावून न्हाईत?"

मी चहा ठेवला. ते आपणहून बोलू लागले.

"आमचा साहेब लई शक्की मानूस. सख्ख्या भावाचा भरवसा न्हवता त्याला. कुनी जहर घालंल म्हून सकाळचं अंड्याबिगर कायबी खायचा न्हाई. म्हनायचा, अंड्याच्या आत अल्लाशिवाय कुनाचा हात जात न्हाई. पन फोडल्यावर सोपानभाईचा हात आलाच की! मंग सोपानभाईनं टेबलापाशी हुभं ऱ्हायचं आन इचारायचं, हुजूर, कोन्ता कोपरा? साहेब बोट ठेवंल त्यो कोपरा आधी यानं खायचा. साहेब घड्याळ काढून बसायचा. मानूस जित्ता हाय बगून मंग आपुन खायचा."

"कोपरा साहेबानंच दाखवायचा?"

"तर! करनाऱ्यानं आपुन निवडला तर मंग काय उपेग?" त्यांनी बशीत चहा ओतला. "मी एकदा चेष्टेनं इचारलं, घरी बी करतो का रे? म्हनला, करतो. पयल्याच दिवशी तिनं इचारलं, काय घातलंय ह्याच्यात. मी म्हनलं, मंग रं, काय केलंस? म्हनला, करीम, कुनाचा शक घालवायचा मला येकच इलाज ठावं हाय."

करीमभाई गेल्यावर मी कपबशी विसळली. 'काय घातलंय ह्याच्यात' हे माझं वाक्य मी विसरून गेले होते. सोळा वर्षांची असताना, आत्याच्या शिकवणीवर, एकदाच बोललेलं... आणि त्यांनी त्याचं उत्तर दर शुक्रवारी दिलं. मी प्रत्येक वेळी ते उत्तर पाहिलं आणि त्याच्यावरच संशय घेतला. मी एकदा नुसतं म्हणायला हवं होतं की आता पुरे, माझा भरवसा आहे. भरवसा तर होताच. वडिलांपुढं मी खोटं बोलले तेव्हाच तो बसला होता. तो मी त्यांना कधी सांगितला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या शुक्रवारी मी अंगणात दगड मांडले. नातीला गॅसवर करायचं होतं, मी नको म्हटलं. अंडी पाण्यात सोडली, वेगवेगळ्या वाट्यांत फोडली, पाव एका बाजूनं भाजला. उलटताना माझ्याकडून थोडं सांडतंच. तीच तामचिनीची ताटली उंबऱ्यावर घेऊन बसले. पावाचा दाराकडचा कोपरा तव्यावर जास्त बसला होता, त्या दिवशीसारखाच. तो करपला नव्हता. त्या दिवशीही करपला नसणार. इतकी वर्षं मी गुपचूप स्वतःसाठी ठेवत आले तो खरपूस कोपरा, आणि त्यांना तो पहिल्यापासून ठाऊक होता. त्या दिवशी करणारी मी होते, म्हणून कोपरा त्यांनी दाखवला, मी खावा म्हणून; सकाळपासून मीही उपाशी होते.

मी तो कोपरा तोडला, उभी राहिले आणि आधी तो खाल्ला.